शिरेतील अन्न आणि बुरशीचा शिरकाव

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून आजीची बोलणी खाल्ली नाहीत, असा विद्यार्थी आमच्या शाळेत तरी विरळाच असेल. बेळगावचा पाऊस एकदा लागला की चपलांचे पट्टे, पुस्तकांच्या बांधणी, कपाटातील जुने कोट, सर्वांवर पांढरी-हिरवी लव चढते. परंतु बरणीतील लोणचे मात्र वर्षभर शाबूत राहते. कारण त्यात मीठ आहे, आंबटपणा आहे आणि वर बोटभर तेलाचा थर आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, तेलात पाणी नाही, आणि हवा व पाणी यांवाचून बुरशीचा संसार चालत नाही. म्हणून तेल बुरशीला रोखते, असा आपला घरगुती अनुभव आहे आणि तो खरा आहे.

आता याच्या अगदी उलट एक गोष्ट पाहा. इस्पितळात ज्या रुग्णाला तोंडावाटे अन्न घेता येत नाही, त्याच्या शिरेतून जेव्हा स्निग्ध पदार्थ दिला जातो, तेव्हा त्याच स्निग्धाच्या आश्रयाने बुरशी कधी कधी थेट रक्तात शिरते, आणि रुग्णाच्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या, जिवावर बेतते. बरणीतले तेल रक्षक आणि शिरेतले तेल मात्र शत्रूला फितूर, हे कसे? या कोड्याची उकल करावी आणि या आपत्तीपासून रुग्णाला कसे वाचविता येते ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिरेतून जेवण

ज्याचे आतडे शस्त्रक्रियेने बरेचसे काढून टाकावे लागले आहे, ज्याच्या आतड्यात जन्मतःच अडथळा आहे, किंवा जे मूल सातव्याच महिन्यात जगात आले आणि ज्याचे आतडे अद्याप दूध पचविण्यास सिद्ध नाही, त्याने जगावे कसे? ‘सलाईन लावा’ असे कोणीही सांगेल. परंतु सलाईन म्हणजे जेवण नव्हे. पाच टक्के ग्लुकोजच्या एका लिटर द्रावातून दोनशे उष्मांकही मिळत नाहीत आणि प्रौढ माणसाला तर दिवसाकाठी सुमारे दोन हजार उष्मांक लागतात. तेवढे ग्लुकोजमधून द्यावयाचे तर रोज दहा लिटरांहून अधिक पाणी शिरेत ओतावे लागेल. ग्लुकोज दाट करावे, तर हाताच्या लहान शिरा त्याने दाहून निघतात.

स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून नऊ उष्मांक मिळतात, तर साखरेपासून चारच. तेव्हा शिरेतून तेलच द्यावे, ही कल्पना स्वाभाविकपणेच सुचते. ती सुचलीही फार पूर्वी. विल्यम कोर्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १६७८-७९ च्या सुमारास कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्हचे तेल टोचून पाहिले. बिचारे जनावर मेले; कारण तेलाचे थेंब फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसले. तेल रक्तात मिसळावयाचे तर ते आधी दुधासारखे करावयास हवे, हा धडा त्यातून मिळाला. पण तो प्रत्यक्षात उतरण्यास पावणेतीनशेहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेत सरकीच्या तेलाचे एक मिश्रण काही काळ वापरात होते, परंतु त्याने ताप, कावीळ असे उपद्रव होऊ लागल्यामुळे ते मागे घ्यावे लागले. अखेर स्वीडनमधील आर्विद व्रेटलिंड या शास्त्रज्ञाने सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड हे द्रव्य यांचे पायस सिद्ध केले, आणि १९६२ साली ते ‘इंट्रालिपिड’ या नावाने तेथे वापरात आले. त्याच दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी स्टॅन्ले डड्रिक व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्याची पिले केवळ शिरेतील अन्नावर वाढवून दाखविली. पुढे आतड्याच्या जन्मजात दोषामुळे काहीही पचवू न शकणाऱ्या एका नवजात बालिकेलाही याच रीतीने पोसले. तो वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी ज्यांच्यापुढे केवळ उपासमार होती, अशा असंख्य रुग्णांना या दोन शोधांनी जीवदान दिले आहे, हे प्रारंभीच ध्यानात ठेवावे. आम्ही पुढे ज्या धोक्याविषयी लिहिणार आहोत, तो या उपचाराचा धिक्कार करण्यासाठी नव्हे.

तूप टिकते, दूध नासते

पायस म्हणजे काय, हे आम्ही वर्गातच करून पाहिले. एका काचेच्या पेल्यात पाणी व गोडेतेल घालून घुसळले. पाच मिनिटांत तेल पुन्हा वर येऊन बसले. दुसऱ्या पेल्यात त्याच मिश्रणात अंड्याचा थोडा बलक घातला. घुसळताच ते दुधासारखे पांढरे झाले व तसेच राहिले. बलकातील द्रव्याने तेलाच्या प्रत्येक कणाभोवती जणू अंगरखा चढविला आणि कणांना एकत्र येऊ दिले नाही. तिसऱ्या पेल्यात नुसते तेल ठेवले. तिन्ही पेले झाकून फळीवर ठेवले होते. तिसऱ्या दिवशी नुसते तेल होते तसेच होते, पण बलकाच्या मिश्रणाजवळ कोणालाही उभे राहवेना.

आमच्या कोड्याचे अर्धे उत्तर याच प्रयोगात आहे. तूप टिकते आणि दूध नासते. दोहोंतही स्निग्धांश आहे, परंतु तुपात पाणी नाही आणि दुधात आहे. शिरेत द्यावयाचे पायस हे दुधाच्या जातीचे. त्यात तेलाचे कण अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात, आणि ते पाण्यात तरंगत असतात. जोडीला थोडे ग्लिसरीन असते. त्याची तीव्रता रक्ताशी मिळतीजुळती असते व त्यात आंबटपणा नसतो. याउलट शिरेतून द्यावयाचे दाट ग्लुकोज व अमिनो आम्ले यांचे द्राव किंचित आंबट आणि इतके तीव्र असतात की बहुतेक जंतूंना त्यात वाढणे जड जाते. म्हणजे पाकातला मुरंबा टिकतो आणि दूध टिकत नाही, तोच हा न्याय होय. कारखान्यातून आलेली पायसाची बाटली निर्जंतुकच असते. परंतु ती उघडल्यावर जर चुकून एखादा जंतू तिच्यात पडला, तर त्याला आयते पक्वान्न मिळते.

दोन पाहुणे

हे पक्वान्न ज्यांना विशेष मानवते, अशा बुरशींपैकी दोन मुख्य आहेत.

पहिलीचे नाव मॅलॅसेझिया. नाव परके असले तरी हिची ओळख आपल्याला जुनी आहे. उन्हाळ्यात घाम फार येऊ लागला की मानेवर, पाठीवर फिकट डाग उठतात. त्यांना आपण शिबे म्हणतो. ते हिचेच काम. डोक्यातील कोंड्याशीही हिचा संबंध आहे. जवळजवळ प्रत्येक मनुष्याच्या त्वचेवर ही राहते आणि एरवी कोणाचे काही बिघडवीत नाही. हिची एक खोड मात्र विलक्षण आहे. जगण्यास लागणारी काही मेदाम्ले हिला स्वतः तयार करता येत नाहीत; ती बाहेरून मिळावी लागतात. म्हणून ज्या त्वचेतून तेल पाझरते तेथे ही वस्ती करते. आता जिच्यातून दिवसरात्र तेलाचे पायस वाहत आहे, अशी नळी त्वचेतून शिरेत गेलेली असेल, तर हिच्या दृष्टीने ते केवढे अन्नछत्र! १९८१ साली अमेरिकेतील वैद्यांनी असे एक बालक वर्णिले : दीर्घकाळ पायस घेणाऱ्या त्या बालकाच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत ही बुरशी आढळली होती. तेव्हापासून नवजात बालकांच्या कक्षांत हिच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

दुसरी कॅन्डिडा. ही आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर वास करते. लहान मुलांच्या जिभेवर जो पांढरा थर येतो तो हिचाच. हिला तेलाची गरज नाही, साखरही चालते. तिची एक पोटजात, कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस, ही हातांवर राहते आणि प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसण्यात पटाईत आहे. विहिरीच्या पायऱ्यांवर जसे शेवाळ धरते, तसा नळीच्या आतून हिचा बुळबुळीत थर जमतो, आणि एकदा का तो जमला की औषधेही त्याच्या आत नीट पोहोचत नाहीत. कॅन्डिडा रक्तात भिनली तर चारांतील एक रुग्ण, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, दगावतात. ज्या रोगाची अशी ख्याती, त्याच्या बाबतीत उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ, हे निराळे सांगावयास नको.

शिवाय रोग ओळखणेही सोपे नाही. ताप, मंदावलेला श्वास, उतरलेला चेहरा ही लक्षणे शंभर रोगांत असतात. मॅलॅसेझियाची तर आणखी गंमत : नेहमीच्या पद्धतीने रक्त तपासले तर ती पुष्कळदा सापडतच नाही. प्रयोगशाळेतील ताटलीत ऑलिव्ह तेलाचा थर दिला की मग ती उगवते. म्हणून ‘हा रुग्ण शिरेतून पायस घेत आहे’ ही एक ओळ तपासणीच्या चिठ्ठीवर लिहिणे किती मोलाचे आहे, ते पाहा.

चार दरवाजे

गडाला वेढा पडला असता किल्लेदार प्रथम दरवाजे मोजतो. बुरशीला रक्तात शिरण्याचे दरवाजे चार. मिश्रण तयार करतानाच ते दूषित होणे, हा पहिला. नळीच्या सांध्यांना अस्वच्छ हात लागणे, हा दुसरा. नळी जेथे त्वचेतून आत जाते ती जागा, हा तिसरा. आणि चौथा दरवाजा आतल्या बाजूचा : पोटात अन्न न गेल्याने आतड्याचे अस्तर दुबळे होते, प्रतिजैविकांनी तेथील उपकारक जंतू मरतात, आणि मोकळ्या रानात माजलेली कॅन्डिडा भिंत ओलांडून रक्तात येते.

पहिल्या दरवाजाची गोष्ट १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन वृत्तान्तात आहे. शिरेतून अन्न घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या रक्तात एकाच जातीची कॅन्डिडा निघू लागली. शोध घेता घेता वैद्य रुग्णांच्या खाटांपासून औषधशाळेपर्यंत पोहोचले. तेथे मिश्रण बनविताना वापरल्या जाणाऱ्या हवा-शोषक यंत्रणेत बुरशी दबा धरून बसली होती! यावरून धडा हा की असे मिश्रण गाळलेल्या हवेच्या कपाटात, निर्जंतुक हातमोजे घालून, शिकलेल्या हातांनीच व्हावे. खाटेजवळ बाटली उघडून तिच्यात आणखी एखादे औषध घालण्याचा मोह धरू नये. आणि एक बाटली अनेकांत वाटू नये.

दुसऱ्या दरवाजाची कथा याहून नवलाची आहे. अमेरिकेतील एका इस्पितळाच्या नवजात कक्षात १९९३ ते १९९५ या काळात पंधरा बालकांच्या अंगी मॅलॅसेझिया पॅकिडर्माटिस आढळली. त्यांतील काहींच्या रक्तातही ती होती. ही पोटजात माणसाची नव्हे, कुत्र्यांची! इस्पितळात कुत्री नव्हती. मग ती आली कोठून? तपासाअंती एका कर्मचाऱ्याच्या हातावर आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्या तीन पाळीव कुत्र्यांवर तोच वाण मिळाला. घरी कुत्र्याला प्रेमाने कुरवाळलेला हात दुसऱ्या दिवशी उबपेटीतील बालकापर्यंत पोहोचला होता. येथे दोष कुत्र्याचा नव्हता आणि मायेचाही नव्हता. दोष मधल्या न धुतलेल्या क्षणाचा होता. कक्षात हात धुण्याचा नियम कसोशीने पाळला जाऊ लागला आणि साथ थांबली. ही हकीकत १९९८ साली प्रसिद्ध झाली.

दरवाजे बंद कसे करावे?

उपाय पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील एकही चमत्काराचा नाही. रोज, दर वेळी, न चुकता करावयाच्या त्या साध्या गोष्टी आहेत.

नळी बसविताना हात धुवावे. वैद्याने टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व मोजे घालावे आणि रुग्णाचे अंग मोठ्या निर्जंतुक कापडाने झाकावे. त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ करावी. प्रौढ रुग्णात शक्य तो जांघेतील शीर टाळावी. आणि गरज संपताच नळी काढावी. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी या पाच गोष्टींचा नेम धरला, आणि नळीमुळे होणारे रक्तातील सर्व प्रकारचे संसर्ग दीड वर्षात सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. पीटर प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी २००६ साली हे प्रसिद्ध केले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. फक्त एक यादी, आणि त्यातील पायरी चुकली तर वैद्यालाही थांबविण्याचा परिचारिकेला दिलेला अधिकार!

त्यानंतर वेळेचे बंधन. तापविलेले दूधसुद्धा आपण दिवसभर उघडे ठेवीत नाही. त्याच न्यायाने नुसते पायस टांगले असेल तर ते बारा तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. ग्लुकोज व अमिनो आम्लांत मिसळलेले असेल तर चोवीस तासांपर्यंत चालते. ज्या नळीतून पायस वाहते ती चोवीस तासांच्या आत बदलावी. महागडे पायस फेकून देताना हात आखडतो, हे खरे. परंतु वाचविलेल्या त्या चार चमच्यांची किंमत कदाचित एका जिवाने भरावी लागते.

तिसरा उपाय गाळणीचा. येथे आकडे मोठ्या सोयीचे जुळून आले आहेत. पायसातील तेलाचा कण अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. कॅन्डिडाची पेशी सामान्यतः तीन ते सहा मायक्रोमीटर. तेव्हा १.२ मायक्रोमीटर छिद्रांची गाळणी नळीत बसविली की अन्न पुढे जाते आणि बुरशी मागे राहते. परंतु गाळणीवर विसंबून गाफील राहू नये. गाळणीच्या पलीकडच्या सांध्याला घाणेरडा हात लागला, तर बिचारी गाळणी काय करणार? शिवाय पुष्कळसे जंतू बुरशीहून लहान असल्याने ते या छिद्रांतून निसटू शकतात.

म्हणून सांध्याला हात लावण्यापूर्वी दर वेळी तो अल्कोहोलने चोळून पुसावा. अन्नाची वाट शक्य तो अन्नासाठीच राखावी, तीतूनच रक्त काढणे, औषधे देणे टाळावे. म्हणजे सांधा उघडण्याचे प्रसंगच कमी होतात.

औषधांचाही थोडा उपयोग आहे. एक किलोग्रॅमहून कमी वजनाच्या शंभर बालकांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बालकांना फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक आधीपासून दिले, निम्म्यांना दिले नाही. न दिलेल्या पन्नासांपैकी दहांना बुरशीचा गंभीर संसर्ग झाला, दिलेल्यांपैकी एकालाही नाही. तथापि औषध सरसकट वापरले की त्याला न जुमानणारी बुरशी निपजते. म्हणून जेथे असा संसर्ग फार आढळतो, तेथेच अशा अतिलहान बालकांना ते द्यावे, असा जाणत्यांचा सल्ला आहे. प्रतिजैविकेही गरजेपुरतीच वापरावी, म्हणजे चौथा दरवाजा उघडा पडत नाही.

आणि इतके करूनही बुरशी रक्तात आलीच, तर औषधाबरोबर ती नळीही काढावी लागते. घरात चोर ठेवून दाराला कुलूप लावण्यात अर्थ नाही.

सर्वांत मोठा उपाय

सर्वांत मोठा उपाय मात्र सर्वांत साधा आहे : शिरेतील अन्न लागेल तितकेच दिवस द्यावे. आतडे चालत असेल तर आतड्याचाच उपयोग करावा. अपुऱ्या दिवसांच्या बालकालाही आईचे दूध थेंबाथेंबाने, बारीक नळीने का होईना, शक्य तितक्या लवकर सुरू केले की आतड्याचे अस्तर बळावते, शिरेतील अन्न कमी करता येते आणि नळी लवकर निघते. दररोज सकाळी वैद्याने स्वतःला विचारावे, ‘ही नळी आज हवीच आहे काय?’ या एका प्रश्नाने जितके प्राण वाचतात, तितके क्वचितच एखाद्या महागड्या यंत्राने वाचत असतील.

उलट भीतीपोटी पायस मुळीच न देणे हीही चूकच. शरीराला काही मेदाम्ले बाहेरूनच मिळावी लागतात. ती नसतील तर अपुऱ्या दिवसांच्या बालकात त्यांची उणीव आठवड्याभरातच दिसू लागते, त्वचा कोरडी पडते, वाढ खुंटते. विस्तव घर जाळतो म्हणून कोणी चूल पेटविण्याचे सोडीत नाही. चुलीपाशी सावध बसतो, इतकेच.

आमच्या वाचकांपैकी कोणी पुढे वैद्य होतील, कोणी परिचारिका, कोणी औषधशाळेत काम करतील. त्यांना हा लेख कदाचित आठवेल. इतरांना तरी याचा काय उपयोग? उपयोग आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण केव्हा ना केव्हा इस्पितळात कोणाला तरी भेटावयास जातो. नवजात भाचा पाहावयास जातो, आजोबांच्या खाटेशी बसतो. त्या वेळी दाराशी थांबून हात कोपरापर्यंत धुवावे, टांगलेल्या नळीला वा तिच्या सांध्याला कौतुकानेही हात लावू नये, आणि परिचारिकेने ‘बाहेर थांबा’ म्हटले तर राग मानू नये. ती आजीच्याच भूमिकेत आहे. बरणीत ओला चमचा घालू न देणारी आजी जे लोणच्यासाठी करीत होती, तेच ती एका जिवासाठी करीत आहे.